टक्के उतरले, तरी प्रकरण परत आलं

पत्र : "मी पीएच.डी. करते आहे. विषय आहे हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचं शिक्षण. पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण सॉफ्टवेअरमधून तपासलं तेव्हा साम्य ३४ टक्के निघालं. मग पंधरा दिवस बसून मी वाक्यं बदलली, समानार्थी शब्द घातले. काही भाग इंग्रजी लेखांतून थेट भाषांतर करून घेतला. आता साम्य ९ टक्के आहे. तरी सरांनी प्रकरण परत दिलं आणि समासात एवढंच लिहिलं, 'यात तुम्ही कुठे आहात?' प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी मी संदर्भ दिलेला आहे. मग चुकलं काय? ही चोरी झाली का? आणखी एक. याच प्रकरणातला मजकूर घेऊन केलेला एक लेख मी एका नियतकालिकाकडे पाठवला आहे. तो सध्या परीक्षणात आहे. त्याचं काय करू? सरांना सांगायची भीती वाटते."

तुमचा सर्वांत अवघड प्रश्न आधी घेते. चोरी करायची म्हणून तुम्ही बसला नव्हतात, हे पत्रावरून दिसतं. पण आज प्रकरण जसं आहे तसं सादर झालं, तर एखादी समिती त्याला वाङ्मयचौर्य म्हणेल आणि तिचं काही चुकलेलं नसेल. हेतू शिक्षा ठरवताना पाहिला जातो. मजकूर उसना आहे की नाही, हे मात्र मजकूरच सांगतो. सुदैवाने प्रकरण अजून तुमच्या हातात आहे, आणि सरांनी समासात लिहिलेला तो प्रश्न तुमच्यावरचा आरोप नाही. नीट वाचलात तर दुरुस्ती कुठून सुरू करायची हे त्यातच सांगितलेलं आहे.

आधी टक्केवारीबद्दल बोलू, कारण तुमचे पंधरा दिवस तिनेच खाल्ले. सॉफ्टवेअर एवढंच पाहतं, की तुमच्या मजकुरातले शब्दांचे सलग तुकडे त्याच्या साठ्यातल्या कुठल्या मजकुराशी जुळतात. अवतरणचिन्हांत नीट दिलेला उतारा, कायद्यातलं कलम, संस्थेचं लांबलचक नाव, शेवटची संदर्भसूची यातलं काहीही जुळू शकतं आणि टक्के वाढतात. उलट दुसऱ्या भाषेतून उतरवलेला अख्खा लेख शून्य टक्के दाखवू शकतो. म्हणजे ३० टक्के साम्य असलेलं प्रकरण निर्मळ असू शकतं आणि ३ टक्क्यांचं पूर्ण उसनं. अशी सॉफ्टवेअर बनवणारेही सांगतात, की अहवाल माणसाने वाचायचा असतो, आकडा पाहून निकाल द्यायचा नसतो. तुम्ही आकड्याला उत्तर दिलंत. सर मजकूर वाचत होते.

मजकुरात त्यांना काय दिसलं असेल, ते एका उदाहरणाने सांगते. उदाहरण माझ्या मनचं आहे, विषय तुमचा. समजा, एका अभ्यासिकेने असं लिहिलं आहे : "हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतली मुलं शाळा एका दिवसात सोडत नाहीत, ती आधी मागे पडतात, मग लाजतात आणि शेवटी येईनाशी होतात." आता टक्के उतरवण्यासाठी बदललेलं वाक्य पाहा : "मोसमी स्थलांतर करणाऱ्या परिवारांमधील बालके विद्यालयाचा त्याग एकाच दिवशी करत नाहीत, ती प्रथम पिछाडीवर जातात, नंतर संकोचतात आणि अंतिमतः अनुपस्थित राहू लागतात."

शब्द जवळजवळ सगळे बदलले. हाडं तीच राहिली. तीन पायऱ्या त्याच, क्रम तोच, स्वल्पविरामांची जागासुद्धा तीच. आणि मूळ वाक्यातला जीव गेला, कारण 'येईनाशी होतात' हे बोलतं मराठी होतं आणि 'अनुपस्थित राहू लागतात' हा कागद आहे. अशा लिखाणाला मी ठिगळलेखन म्हणते. त्याच्या शेवटी कंसात नाव आणि वर्ष टाकलं तरी ते पुरत नाही. कंस म्हणतो, 'ही कल्पना त्यांची.' वाक्याची बांधणीही त्यांचीच आहे, हे तो झाकून ठेवतो.

याच स्रोताचा सरळ वापर करायचा तर दोन रस्ते आहेत. 'आधी मागे पडतात, मग लाजतात' हे शब्दच तुम्हाला मोलाचे वाटत असतील, तर ते अवतरणचिन्हांत जसेच्या तसे घ्या आणि पानाचा क्रमांक द्या. शब्द महत्त्वाचे नसतील, म्हणणं महत्त्वाचं असेल, तर पुस्तक मिटा आणि स्वतःला विचारा, ही बाई मला काय सांगते आहे? कदाचित असं काही उतरेल : "शाळा सुटणं ही एक घटना म्हणून मोजता येत नाही, ती हळूहळू घडत जाते, अशी या अभ्यासिकेची मांडणी आहे. लाजेला त्या या प्रवासातला स्वतंत्र टप्पा मानतात. मी बोललेल्या मुलांत मात्र हा टप्पा सरसकट दिसला नाही. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी थांबलेल्या मुलींनी लाजेचा उल्लेखही केला नाही." शेवटचं वाक्य पाहा. 'तुम्ही कुठे आहात' याचं उत्तर तिथे आहे. स्रोत आला, त्याचं श्रेय त्याला मिळालं, आणि मग तुम्ही त्याच्याशी बोललात. आढाव्याचं प्रकरण लिहायचं ते यासाठी. कोण काय म्हणालं याची यादी वाचकाला हवी असती, तर त्याने संदर्भसूचीच वाचली असती.

आता परिच्छेदाच्या शेवटच्या कंसाबद्दल. ही सवय फार जणांना असते आणि तिच्यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नाही. आठ वाक्यांचा परिच्छेद आणि शेवटी एक कंस. वाचकाने काय समजायचं? आठही वाक्यं त्या लेखकाची? शेवटचं एकच? मधलं 'त्यामुळे धोरणात बदल आवश्यक आहे' हे कुणाचं मत? स्रोत वापरताना मी एकच कसोटी लावते : कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं तर 'हे कोण बोलतंय' याचं उत्तर वाचकाला त्या ओळीतून किंवा तिच्या पुढच्या-मागच्या ओळीतून मिळालं पाहिजे. त्यासाठी स्रोताला दारातून आत आणायचा आणि काम झालं की दारापर्यंत पोचवायचा. 'अमुक यांच्या मते' असं म्हणून आणलं, की पुढचं वाक्य अजून त्यांचं आहे की तुमचं सुरू झालं, हेही कळू द्या. 'यावरून मला असं वाटतं', 'माझ्या नोंदी वेगळं सांगतात', एवढं लिहिलं तरी हद्द आखली जाते. 'मी' लिहायला संकोच वाटत असेल, तर 'प्रस्तुत अभ्यासात' आहेच. मला स्वतःला 'मी' आवडतो. तो जबाबदारी घेतो.

आपल्या भाषेत यासाठी क्रियापदं भरपूर आहेत आणि आपण ती वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रबंध उघडावा तर प्रत्येक लेखक 'नमूद करतो' आणि 'प्रतिपादन करतो'. म्हणणं, मांडणं, सुचवणं, दाखवून देणं, दावा करणं, मान्य करणं, आक्षेप घेणं, गृहीत धरणं ही एकमेकांच्या जागी चालणारी क्रियापदं नव्हेत. 'दाखवून दिलं' लिहिलंत तर पुरावा पटला, असं तुम्ही कबूल केलंत. 'दावा केला' लिहिलंत तर तुम्ही एक पाऊल मागे उभ्या आहात. 'मान्य केलं' म्हणजे नाइलाजाने का होईना, विरोधातली गोष्ट स्वीकारली. 'सिद्ध केलं' हे तर मी सामाजिक शास्त्रांतल्या लेखनात जवळजवळ कधीच चालू देत नाही. बारा मुलाखतींवरून काही सुचवता येतं, सिद्ध होत नाही. लेखकाने स्वतः 'कदाचित' म्हटलं असेल, तर तुमच्या वाक्यातून तो 'कदाचित' गळता कामा नये. स्रोताशी अप्रामाणिक होण्याची ही सर्वांत शांत पद्धत आहे, आणि ती कुठलंही सॉफ्टवेअर पकडत नाही.

भाषांतराबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. दुसऱ्या भाषेतला परिच्छेद आपल्या भाषेत आणला, की मेहनत खूप झालेली असते. शब्द शोधलेले असतात, वाक्यं मोडून पुन्हा जोडलेली असतात. म्हणून तो मजकूर आपला वाटू लागतो. तो आपला नसतो. भाषांतर आपलं, विचार आणि त्याची रचना मूळ लेखकाची. मूळ लेखकाचं वाक्य वाक्य घेतलं असेल, तर ते अवतरणच आहे. त्याला अवतरणचिन्हं हवीत, मूळ पानाचा क्रमांक हवा आणि 'भाषांतर माझे' ही नोंद हवी. सगळीच भाषांतरं तुमची असतील, तर ही नोंद सुरुवातीला एकदा केलीत तरी चालेल. जिथे एखाद्या संज्ञेला नेमका प्रतिशब्द नाही, तिथे तुम्ही कोणता शब्द का निवडला, हे तळटीपेत सांगा. अशी तळटीप परीक्षकाला तुमच्याबद्दल जे सांगते, ते दहा संदर्भ सांगत नाहीत.

हे सगळं बिघडतं कुठे? लिहिताना नाही, त्याच्या कितीतरी आधी, टिपणं काढताना. मी प्रबंध लिहीत होते तेव्हा एका जाड वहीत टिपणं काढायचे. आवडलेलं वाक्य उतरवायचं, त्याच्याखाली आपल्याला सुचलेलं लिहायचं, मधे रेघसुद्धा नाही. दोन वर्षांनी लिहायला बसले. वहीतलं एक वाक्य वाचून मी सुखावले. इतकं नेमकं मला सुचलं होतं! ते प्रबंधात घातलं. सादर करायच्या आठवडाभर आधी एक पृष्ठक्रमांक तपासायला जुनं पुस्तक उघडलं, तर तेच वाक्य पानाच्या तळाशी, छापलेलं. हातपाय गार पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मग दोन रात्री वही आणि पुस्तकं समोरासमोर ठेवून बसले. आणखी तीन वाक्यं निघाली. तीन ठिकाणी अवतरणचिन्हं घातली, एक वाक्य काढून टाकलं.

तेव्हापासून माझी पद्धत साधी आहे. शब्दशः उतरवलेलं प्रत्येक वाक्य त्याच क्षणी अवतरणचिन्हांत जातं, शेजारी पान. स्वतःच्या शब्दांत काढलेला सार असेल तर समासात 'सा' आणि तिथेही पान. माझं स्वतःचं असेल तर 'मी'. संगणकावर कॉपी-पेस्ट करत असाल तर चिन्हं आधी टाइप करा आणि मजकूर त्यांच्या मधे चिकटवा. 'नंतर घालू' ही चिन्हं नंतर कधीच येत नाहीत. संदर्भांची नोंद ठेवायला झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते वापरा. पण पुस्तकाचं नाव-गाव ते सांभाळेल. वाक्य कुणाचं, हे लक्षात ठेवण्याचं काम तुमचंच.

आढाव्याच्या प्रकरणात आणखी एक खड्डा असतो : न वाचलेल्याचा संदर्भ. एका लेखात दुसऱ्याचा उल्लेख वाचला, मूळ लेख उघडला नाही, तरी सूचीत मूळ लेख घातला. १९८० सालच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं होतं. रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना अफूच्या वर्गातली वेदनाशामकं दिली होती आणि पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद होती, एवढंच त्यात होतं. पुढे त्या पत्राचा हवाला 'ही औषधं घेतल्याने व्यसन क्वचितच लागतं' असं सांगण्यासाठी दिला जाऊ लागला. २०१७ मध्ये काही संशोधकांनी त्याचे ६०८ उल्लेख तपासले. ७२ टक्के लेखांनी ते पत्र व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट ८० टक्क्यांहून अधिक लेखांनी सांगितलीच नव्हती. घरी बसून महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पाच वाक्यांत एक शब्द नव्हता. पाच वाक्यं वाचायला किती वेळ लागतो? अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने केवढा अनर्थ झाला, हे आपण जाणतो. त्याची कारणं अनेक आहेत, पण हा न तपासलेला हवालाही त्यात आहे.

न वाचता हवाला देणाऱ्यांची पावलं कधीकधी पृष्ठक्रमांकांतसुद्धा उमटतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख पाहिले गेले. त्यांतल्या १९६ उल्लेखांत छपाईच्या चुका होत्या, आणि एकच चूक ७८ वेळा जशीच्या तशी आली होती. दोन माणसं योगायोगाने तीच चूक करतील, अठ्ठ्याहत्तर करणार नाहीत. त्यांनी संदर्भ दुसऱ्याच्या सूचीतून उचलला होता.

म्हणून मूळ हाती लागलं तर मूळ वाचा. लागलंच नाही, तर 'अमुक यांनी उद्धृत केलेले तमुक' असं खरं खरं लिहा आणि सूचीत तुम्ही वाचलेला लेखच घाला. यात कमीपणा नाही. हाच न्याय एआयला : त्याने सुचवलेला एकही संदर्भ मूळ लेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घेऊ नका. ही साधनं अस्तित्वात नसलेले लेख खऱ्यासारख्या नावावर्षांसह लिहून देतात. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ मध्ये वकिलांनी असेच नसलेले खटले दाखल्यादाखल दिले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला.

बारीकसारीक नियमांवर जागा घालवत नाही. लांब उतारा वेगळा कधी काढायचा, याची प्रत्येक संदर्भशैलीची मर्यादा निराळी आहे. एपीए शैलीत ४० किंवा अधिक शब्द, शिकागो शैलीत साधारण १००. तुमच्या विभागाची शैली विचारा आणि तीच शेवटपर्यंत पाळा. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीला संदर्भ लागत नाही. ती सर्वांना ठाऊक आहे का अशी शंका आली, तर लागतो. आणि तक्ता किंवा आकृती जशीच्या तशी घेणार असाल, तर श्रेय देणं आणि हक्कधारकाची परवानगी घेणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आता प्रकरण हातात घ्या. पडद्यावर नको, कागदावर छापून घ्या. दोन रंगांच्या पेन्सिली. प्रत्येक वाक्याखाली रेघ : स्रोताचं असेल तर एक रंग, तुमचं असेल तर दुसरा. जिथे ठरवता येत नाही, तिथे प्रश्नचिन्ह. पानंच्या पानं एकाच रंगाची निघाली तर घाबरू नका, सरांना दिसलं तेच तुम्हाला दिसतं आहे. मग प्रश्नचिन्हांपासून सुरुवात करा. मूळ लेख उघडा, तो परिच्छेद वाचा, मिटा, चहाएवढा वेळ जाऊ द्या, आणि तो लेख कधीच न वाचलेल्या मैत्रिणीला सांगितल्यासारखं लिहा. लिहून झाल्यावर पुन्हा मूळ उघडून दोन गोष्टी तपासा : अर्थ बदलला नाही ना, आणि एखादा खास शब्दप्रयोग नकळत शिरला नाही ना. शिरला असेल तर अवतरणात घाला. समानार्थी शब्दांचा कोश या काळात कपाटात राहू द्या. जुनं वाक्य दुरुस्त करत बसू नका. ठिगळावर ठिगळ चढतं. ते वाक्य खोडा आणि नवं लिहा. प्रकरण लहान होईल. होऊ द्या.

सरांकडे दुरुस्त प्रकरण घेऊन जाण्याआधी रेघा मारलेला हा कागद घेऊन जा. "तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला हे सापडलं" एवढं सांगा, आणि नियतकालिकाकडे गेलेल्या लेखाचंही त्याच बैठकीत सांगा. ज्या माणसाने टक्केवारीवर समाधान न मानता पूर्ण प्रकरण वाचलं, तो या गोष्टीवर ओरडेल असं मला वाटत नाही. ओरडलाच, तर ते ओरडणं आज ऐकणं परवडेल. पदवी मिळाल्यानंतर तोच मजकूर दुसऱ्या कुणी शोधून काढला, तर समोर बोलायलाही कुणी नसेल.

तो लेख मागे घ्या. 'परीक्षकांच्या लक्षात आलं तर बघू' असं मनात येत असेल, तर ते आत्ताच सोडा. परीक्षणातला लेख लेखकाच्या विनंतीवरून मागे घेणं ही संपादकांच्या रोजच्या कामातली गोष्ट आहे. छापून आलेला लेख मागे घ्यावा लागला, तर तशी जाहीर नोंद निघते आणि ती नावाला चिकटते. सरांशी बोलणं झालं की त्याच दिवशी संपादकांना लिहा. लांब खुलासा नको. पुढच्या ओळी वापरल्यात तरी चालेल, त्या माझ्या आहेत आणि मी त्या तुम्हाला देते आहे :

"मा. संपादक, आपल्याकडे परीक्षणासाठी पाठवलेला माझा लेख मी मागे घेऊ इच्छिते. पूर्वसंशोधनाच्या भागात काही ठिकाणी मूळ लेखकांची वाक्यरचना आणि काही भाषांतरित मजकूर पुरेशा निर्देशाशिवाय आला आहे, हे माझ्या लक्षात आले आहे. तो भाग नव्याने लिहून झाल्यावर लेख पुन्हा पाठवण्याची परवानगी मिळावी. आपला आणि परीक्षकांचा वेळ गेला, याबद्दल दिलगीर आहे."